मानाची साखर

साळ्याने भाऊजींची थट्टा करायची असते. आमच्याकडे तो हक्कच आहे आणि मी तो कधी वाया जाऊ दिला नाही. पण धनीरामभाऊजींची थट्टा करण्यात मजा नव्हती, कारण ते चिडतच नसत. काहीही म्हणा, "हाव ना जी," म्हणायचे आणि पुढचा भात कालवायचे.

आंबागडला किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं होती. माणूस अंगापिंडाने दांडगा, पण लोक बोलायला लागले की हा खांबाआड. लग्नाच्या पंगतीत वाढपी पुढून निघून जायचा आणि हे त्याला हाक मारत नसत. अर्धपोटी घरी यायचे आणि शकुनबाईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, हळूच विचारायचे, "भात आहे का वो?" भात असायचाच. त्या घरात सकाळ, दुपार, संध्याकाळ भात आणि मधल्या वेळी पेज. चुलीवर चिन्नोरचा भात शिजायला लागला की भाऊजी कुठेही असले तरी घराकडे वळायचे. शकुनबाई त्यांना बोलवायला कधी गेली नाही.

अठ्ठ्याहत्तर साली धानाची रोवणी, म्हणजे लावणी आटोपली आणि भाऊजी खचले. शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून, जरा चालले की मटकन खाली बसायचे. दम लागायचा, कानात गुणगुण व्हायची, चेहरा पिठासारखा दिसायचा. शकुनबाईचे अंगारे झाले, काढे झाले, शेवटी तिने त्यांना तुमसरला आणलं. मी तिथे एस.टी. स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसत असे. खिडकीसमोर रस्त्यापलीकडे डॉ. मुळावकरांचा दवाखाना होता. मी दोघांना तिथे घेऊन गेलो.

डॉ. मुळावकर वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगतो. वाईट माणसाचा मला फारसा राग येत नाही. घाईतल्या माणसाचा येतो.

"काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हंजे असं आहे जी, का बांधीतून घरी येताना..."

"थकवा?"

"हाव जी."

"तहान लागते? लघवी जास्त होते?"

"हाव जी."

पाणी सगळेच पितात आणि पाणी प्यायलं की जे व्हायचं ते सगळ्यांनाच होतं. पण भाऊजींना "नाही" हा शब्द उच्चारता येत नसे. डॉक्टरांनी "तुम्ही दूध देता का?" असं विचारलं असतं तरी "हाव जी"च आलं असतं. डॉक्टरांनी ना डोळे पाहिले, ना नखं पाहिली, ना पाय. उद्या सकाळची लघवी बाटलीत घेऊन या म्हणाले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

बाहेर भय्याजी कंपाउंडर बसायचे. त्यांचा एका गोष्टीवर भारी राग होता. बाटली अर्धी भरली तर डॉक्टर काय म्हणतील या धाकाने खेड्यातले लोक तीत विहिरीचं पाणी घालून काठोकाठ भरून आणायचे. म्हणून भय्याजींनी शकुनबाईला दोनदा बजावलं, "बाई, पाण्याचा थेंब नाही लागू द्याचा बाटलीले. एक थेंब लागला त सारी तपासणी खराब."

शकुनबाईने ते देवाच्या आज्ञेसारखं ऐकलं. घरात घट्ट झाकणाची बाटली एकच होती आणि तीत जंगलातून आणलेला मध होता, लेकरांच्या खोकल्यासाठी. तिने मध वाटीत ओतला, बाटली उपडी करून ठेवली आणि बाहेरून पदराने पुसली. धुतली नाही. धुवायची म्हणजे पाणी आलं. दुसऱ्या दिवशी ती बाटली पदराआड झाकून बसने तुमसरला आली.

भय्याजींनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, वरून थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग भाजलेल्या विटेसारखा लाल गाळ बसला. भय्याजी उठून उभे राहिले. डॉक्टर आतला पेशंट टाकून बाहेर आले आणि नळी उजेडात धरून बघत राहिले.

"साखर," ते म्हणाले. "आणि साधीसुधी नाही. मी एवढी कुणाची पाहिली नाही."

भाऊजींच्या कुठल्याही गोष्टीचं इतकं कौतुक आयुष्यात कुणी केलं नव्हतं. ते लाजले.

भात बंद, गूळ बंद, आंबा बंद. रोज एक गोळी, जन्मभर. शकुनबाईने घाबरत विचारलं, "काहून झाली जी साखर?"

"श्रीमंतांचा आजार आहे बाई," डॉक्टर हसून म्हणाले. "तुमच्या यजमानांची बढती झाली."

डॉक्टर थट्टेत बोलून गेले. आंबागडने ते खरं धरलं.

गावात तोवर साखर एकाच माणसाला होती आणि तो माणूस म्हणजे पुंडलिकराव मालगुजार, गावचे जुने जमीनदार. मालगुजारी कधीच गेली होती, पण पुंडलिकरावांच्या सपरीत, पुढच्या ओसरीवर, संध्याकाळी सतरंजी पडायची, आणि तिच्यावर कोण बसणार आणि खाली कोण बसणार हे अजून त्यांच्या नजरेने ठरत असे. भाऊजी आजवर पायरीच्या खाली उभे राहायचे. बातमी कळल्यावर पुंडलिकरावांनी त्यांना बोलावणं पाठवलं.

"धनीराम, तुलेही साखर आहे म्हंते?"

"हाव जी."

"ये. बस इथं वर."

त्या दिवसापासून भाऊजी सतरंजीवर. दोघांसाठी बिनसाखरेचा चहा वेगळा यायचा. पुंडलिकराव त्यांना रोगातले बारकावे समजावून सांगायचे आणि भाऊजी माना डोलवायचे. पंगतीत आता वाढपी मुद्दाम त्यांच्यापुढे थांबायचा आणि भाऊजी पानावर हात आडवा धरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "मले भात बंद आहे जी. साखर आहे ना." इतकं लांब वाक्य ते चारचौघांत त्यापूर्वी बोलल्याचं मला तरी आठवत नाही. मी एकदा म्हणालो, "भाऊजी, रोगाचे पेढे वाटा ना," तर ते खरोखर विचार करून म्हणाले, "पेढे कसे चालतीन जी?"

घरात मात्र हाल होते. धानाच्या मुलखातल्या बाईला ज्वारीची भाकर थापायला सांगणं म्हणजे छळ आहे. शकुनबाईच्या भाकरी फाटायच्या, करपायच्या, आणि भाऊजी त्या लाखोरीच्या डाळीत बुडवून, डोळे मिटून गिळायचे. भात शिजताना ते बाहेर ओट्यावर जाऊन बसत. एकदा मी गेलो होतो तेव्हा ते ओट्यावर बसून वासाच्या दिशेने तोंड करून होते. मी पुष्कळ थट्टा करतो, पण त्या दिवशी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

थकवा होता तसाच होता. वर आता नवं सुरू झालं. दुपारी जेवणाआधी भाऊजींना दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि ते बांधीतच आडवे व्हायचे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा शकुनबाईने, आता हा माणूस जातोच आहे तर निदान तोंड गोड करून जाऊ दे, असा विचार करून त्यांच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवला. भाऊजी उठून बसले.

"गूळ काहून देल्ला वो?" ते म्हणाले. "मले साखर आहे ना."

मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मान वर केली नाही. "चक्कर येते? साखर वाढली. दोन घ्या गोळ्या."

"डॉक्टरसाहेब, एकदा पुन्हा तपासून पाहता का?" मी विचारलं.

"तुम्ही तिकिटं फाडा, मला माझं काम करू द्या."

मी तिकीट फाडायच्या आधी कुठे जायचं ते विचारतो, हे उत्तर मला रस्ता ओलांडून खिडकीत येऊन बसल्यावर सुचलं.

दोन गोळ्यांनी भाऊजी जास्त वेळा पडू लागले. शकुनबाई पदराच्या गाठीत गूळ बांधून त्यांच्या मागे मागे शेतात हिंडायची. नवऱ्याला आपण विष चारून जगवतो आहोत असं तिला वाटे आणि ती त्याबद्दल रोज देवाची माफी मागे. मग धान चुरायच्या, मळणीच्या दिवसांत भाऊजी खळ्यावर असे पडले की दातखीळच बसली. गूळ आत जाईना. त्या दिवशी डॉ. मुळावकर कुणाच्या तरी लग्नाला नागपूरला गेले होते. ते नव्हते म्हणून भाऊजी वाचले, असं मी आजही म्हणतो.

बैलगाडीत घालून त्यांना जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे उषाबाई नावाच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, वयाने माझ्याहूनही लहान. त्यांनी गोळीची पुडी पाहिली आणि काही न बोलता भाऊजींच्या शिरेत साखरेचं पाणी सोडलं. शकुनबाई किंचाळलीच. "बाई, त्याईले साखर आहे." तेवढ्यात भाऊजींनी डोळे उघडले आणि भूक लागली म्हणाले.

उषाबाईंनी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नावाला नव्हती. नखं पाहिली, ती पांढरी आणि चपटी. मग त्यांनी तळपाय पाहिले, चिखलाने बोटांच्या बेचक्यांत कुरतडलेले. "चिखलात अनवाणीच काम करता?" त्यांनी विचारलं.

"जोडे घालून कोणी रोवणी करते का जी?" भाऊजी म्हणाले. कोणी आपल्याला नीट पाहून विचारतंय म्हणून त्यांना तरतरी आली होती.

उषाबाईंनी गोळ्या बंद केल्या, भाऊजींना तिथेच ठेवून घेतलं आणि पोटभर भात चारायला सांगितला. भात खाऊन झाला की दवाखान्याच्या स्वच्छ भांड्यात लघवी घेऊन तपासायची. औषध निळं ते निळंच. अधिक भात, तरी निळं. भाऊजींनी या तपासणीला इतकं मनापासून सहकार्य केलं की डॉक्टरीणबाईंना हात आखडता घ्यावा लागला.

"यांना साखर नाही. कधी नव्हती," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा लघवी कशात दिली होती?"

"मधाच्या बाटलीत," शकुनबाई अभिमानाने म्हणाली. "पण पाण्याचा थेंब नाही लागू देल्ला जी."

उषाबाई हसल्या नाहीत.  त्या म्हणाल्या, "बाई, तुमची काही चूक नाही. तुम्हाला सांगितलं तेवढं तुम्ही केलं. बाटली कसली आहे हे विचारायला हवं होतं. दुसऱ्यांदा तपासायला हवं होतं. आजार नसताना त्या गोळ्यांनी यांच्या रक्तातली होती ती साखरही उतरत होती, तुमच्या गुळाने यांना जगवलंय."

शकुनबाई रडायला लागली. इतके दिवस ज्या पापाची माफी मागितली तेच पुण्य निघालं.

"मग मले झालं तरी काय?" भाऊजींनी विचारलं.

"पोटात जंत आहेत. चिखलातून पायावाटे शिरतात आणि आत रक्त पितात. औषधाने पडतील, वर लोहाच्या गोळ्या घ्या. आणि तुमसरच्या डॉक्टरांकडे जाऊन हे सगळं सांगा. तो तुमचा हक्क आहे."

भाऊजींचा चेहरा पडला. साखर आहे ऐकून जो माणूस लाजला होता, तो जंत ऐकून खचला. "जंत त लेकराईले होतात जी," ते पुटपुटले. औषध घ्यायला तयार होईनात. मालगुजाराच्या सतरंजीवर बसणारा माणूस जंत घेऊन कसा बसेल, हा त्यांचा प्रश्न होता. शेवटी शकुनबाईने शपथ घातली आणि मी गावात कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं, तेव्हा कुठे औषध पोटात गेलं. डॉक्टरकडे जायची गोष्ट काढली की म्हणायचे, "जाऊ द्या ना जी. तिथं बोललो का साऱ्या तुमसरले माहीत पडते."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की डॉक्टरची चूक झाकायला डॉक्टरला काही करावं लागत नाही. पेशंटच ती अब्रूसारखी पदराखाली झाकून घरी घेऊन जातो. संताप यायचा. पण वचन दिलं होतं.

भाऊजी भराभर सुधारले. गालांवर रंग आला, धुऱ्यावरून धावू लागले. आणि भात खाताना पकडले गेले. शेजाऱ्याने विचारलं, साखरेचं काय झालं? भाऊजींनी जन्मात पहिली थाप मारली. "गडावरून मुळी आणली होती. उतरली साखर."

अशी वाईट थाप मी ऐकली नव्हती. कोणती मुळी, कुठली, हे त्यांनाच माहीत नव्हतं. पण लोकांना ती फार आवडली. भाऊजींचा मान दुप्पट झाला. आता ते नुसते साखरवाले नव्हते, साखर जिंकलेले होते.

पुढच्या रविवारी मी आंबागडला होतो. संध्याकाळी भाऊजींबरोबर सपरीत गेलो. सतरंजी भरली होती. पुंडलिकरावांच्या पायाला जखम होती, बरेच दिवस भरत नव्हती. त्यांची साखर खरी होती, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तपासलेली, आणि ते रोज सुई घेत.

"ये धनीराम," ते म्हणाले. "आज सकाळी मी सुई फेकून देल्ली. लय झालं. आता तुह्या मुळीचं औषध घेतो. उद्या गडावर जाऊन आणून दे."

सगळे कौतुकाने भाऊजींकडे बघू लागले. भाऊजी सतरंजीवर बसत होते ते उठून उभे राहिले. त्यांना घाम फुटला, आणि या घामाला गूळ लागू पडणारा नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं, पण वचनाने माझं तोंड बांधलेलं होतं. मला वाटलं, हा माणूस आता "हाव जी" म्हणणार आणि पुंडलिकराव मरणार.

"नाही जी," भाऊजी म्हणाले.

"काहून नाही?"

"मुळी नाही जी. मी खोटं बोललो. मले साखरच नव्हती."

"मग?"

भाऊजींनी सतरंजीकडे पाहिलं, मग खाली उभ्या असलेल्या लोकांकडे. "जंत होते जी. माह्या पोटात जंत होते."

मागून कोणीतरी फसकन हसलं. भाऊजी उभेच राहिले आणि जे झालं ते सगळं सांगितलं, बाटलीपासून. सांगताना अडखळले, पण थांबले नाहीत. माझ्या भाऊजींचा मला इतका अभिमान त्यापूर्वी कधी वाटला नव्हता, आणि हे मी थट्टेत म्हणत नाही.

पुंडलिकरावांनी आधी आतून दुसरी सुई मागवली. मग म्हणाले, "म्हंजे त्या गोळ्याईनं तू मेला असता."

"हाव जी."

"आणि डॉक्टरले तू काही म्हटलं नाही?"

"नाही जी. लाज वाटे."

"आता त झाली लाजेची गोष्ट साऱ्या गावात. आता काय उरलं?"

भाऊजी विचार करत घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तुमसरला उतरले आणि माझ्या खिडकीसमोर उभे राहिले. "चाल ताराचंद." मी खिडकी बंद केली. रांगेतल्या लोकांनी माझ्या सात पिढ्या काढल्या.

दवाखान्यात भाऊजी पुढे घुसले नाहीत. आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसून राहिले. आत गेल्यावर स्टुलावर बसले. डॉ. मुळावकर लिहितच होते.

"काय, साखर कशी आहे?"

"साखर नाही जी. कधीच नव्हती," भाऊजी म्हणाले, आणि शांतपणे सगळं सांगितलं. दार उघडं होतं. बाहेरचा बाक कान देऊन ऐकू लागला. भय्याजी कंपाउंडर दाराशी येऊन उभे राहिले आणि बाटलीपर्यंत गोष्ट आल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "तुमची बाटली घाण होती, त्याला मी काय करू? आता काय पाहिजे तुम्हाला? कोर्टात जायचंय?"

"नाही जी. मले कायचं कोर्ट समजते? माही पाळी आहे, मी पेशंट आहो. मले विचारा."

"काय विचारू?"

"काय होते, कवापासून होते, काय खातो, पायात जोडा घालतो का नाही. त्या दिवशी मी सांगून राहिलो होतो, तुम्ही लिहून राहिले होते. आज पुरं विचारा. मी पुरं सांगतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग दारातून बाहेरच्या बाकाकडे. बाकावरचं कोणी नजर वळवेना. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काय होतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

भाऊजींनी सुरुवात बांधीपासून केली. त्यात पाऊस आला, चिखल आला, भाकरी आल्या. डॉक्टर मध्ये बोलले नाहीत. एक एक विचारत गेले, आणि शेवटी न सांगता वाकून त्यांनी भाऊजींच्या डोळ्याची पापणी खाली ओढली आणि बराच वेळ पाहिलं. आत आता चांगली लाली होती. पापणी सोडून ते हळू आवाजात म्हणाले, "हे मी तेव्हाच पाहायला पाहिजे होतं."

"हाव जी," भाऊजी म्हणाले आणि उठून बाहेर बाकावर पुढच्या नंबराला बसलेल्या एका म्हातारीला म्हणाले, "जा मावशी, तुमचा नंबर. आणि पुरं झाल्याशिवाय उठू नका."